मालह कोण वापरतं?

स्फाक्स, ११ फेब्रुवारी

मोंजी,

संस्थेने तुला तीन मेल पाठवले, एकालाही उत्तर नाही. चौथा मी माझ्या नावाने पाठवला, तो तर आल्या पावली परत आला. मला तू दाराबाहेर ठेवलं आहेस हे ठाऊक होतं, पण मशीनने ते इतक्या सभ्य भाषेत कळवावं याचं हसू आलं. म्हणून हाताने लिहिते आहे. नझीहाच्या दुकानाचं सामान लूद बोटीने बेटावर रम्ल्याला जातं, त्यात हे पाकीट टाकेन. तुझी बहीण मला नावं ठेवते, पण माझं पाकीट समुद्रात फेकणार नाही.

कामाचं बोलते. देशातल्या संशोधन संस्थांनी आजवर लिहिलेले शास्त्रीय प्रोग्राम तपासायला एक समिती बसली आहे, फेंदरीसाहेब प्रमुख आणि मी एक सभासद. कुठला प्रोग्राम चांगला लिहिलाय, कुठला पुढे टिकेल, कुठल्याचा कोणाला खरंच उपयोग होतो, हे बघायचं. जे कसोटीला उतरतील ते सामायिक मशीनवर राहणार. त्यातल्या एकाला, फक्त एकाला, सांभाळायला पूर्ण वेळ माणूस मिळणार. बाकीचे मिटवून कपाटात ठेवायचे.

मालह माझ्या वाट्याला आला. मी फेंदरीसाहेबांना लगेच म्हटलं, "साहेब, हा माझ्या नवऱ्याचा प्रोग्राम आहे. दुसऱ्या कोणाला द्या."

"पण जलीलाबाई, तुम्ही तर वेगळ्या राहता ना?"

"वेगळी राहते. लग्न मोडलेलं नाही."

"अहो, स्फाक्समध्ये नातेवाईक वगळून समिती करायची म्हटली तर नुसत्या खुर्च्या उरतील. आणि खरं सांगू? त्याला तुमच्याइतकं खवटपणे दुसरं कोण तपासणार?"

तर असा तू माझ्या हातात सापडला आहेस. अहवालाच्या सुरुवातीला मी लिहिलंय, 'किनाऱ्याजवळच्या विहिरीतून किती उपसा केला तर समुद्राचं खारं पाणी आत शिरेल, आणि किती केला तर गोडं पाणी टिकेल, हे मालह सांगतो.' बरोबर आहे ना? नावाचं मूळ लिहायचं असेल तर मालह म्हणजे खारट, ईदच्या खारवलेल्या माशावरून ठेवलं असं लिहू का? फेंदरीसाहेबांना आवडेल.

एका प्रश्नाशी मी अडले आहे. 'मुख्य माणूस उद्या नसला तर प्रोग्राम कोण सांभाळेल?' या रकान्यात लिहायला एके काळी आपल्याकडे नाव होतं. आता काय लिहू ते तू सांग. दोन ओळी नझीहाकडे दे. माझ्याशी बोलायची गरज नाही, समितीशी बोल.

जलीला


स्फाक्स, १९ फेब्रुवारी

मोंजी,

पाकीट तुला मिळालं असं नझीहा म्हणाली. तू ते वाचलंस की त्यात मासे गुंडाळलेस हे तिला माहीत नाही.

गेला आठवडाभर तुझं लिखाण वाचते आहे. वाचताना तुझा आवाज ऐकू येतो, हे मला नको होतं. प्रत्येक सूत्राच्या डोक्यावर तू लिहून ठेवलंयस की हे कुठून आलं आणि कुठे खोटं पडेल. एके ठिकाणी तर 'झारझीसच्या वाळूत हे चालत नाही, इथे माझ्यावर विश्वास ठेवू नका.' इतक्या जणांचं तपासलं मी, आपलं सूत्र कुठे तोंडावर आपटतं हे कोणी लिहीत नाही. दर्जाचे गुण पूर्ण दिले. आवडलं म्हणून नाही, काही काढायला जागाच ठेवली नाहीस म्हणून.

मग टिकावाकडे वळले. तिथे आधी बघतात की प्रोग्रामवर हात फिरतोय की धूळ बसली आहे. ज्या दिवशी बदल होतो त्या दिवशी पडद्यावर एक हिरवा ठिपका पडतो. मालहचा पडदा उघडला आणि फेंदरीसाहेब चष्मा काढून बघायला लागले.

"जलीलाबाई, हा प्रोग्राम आहे की बार्लीचं शेत?"

रोज ठिपका, मोंजी. शुक्रवारी, ईदला, रमजानात, रोज. डाउनलोडचा आकडा बघून तर त्यांनी शेजारच्या खोलीतल्या लोकांना हाक मारली. आपल्या देशातल्या एवढ्याशा प्रोग्रामला इतकी मागणी, म्हणाले, हा तर आपला झेंडा आहे. पूर्ण वेळचा माणूस तुलाच मिळणार असं दिसतंय. अभिनंदन करायला हवं.

ते सगळे चहाला गेले आणि मी ते ठिपके मागे मागे सरकवत नेले. सहा वर्षं मागे. आपल्या स्कंदरला माती दिली तो आठवडा शोधला. तिसऱ्या दिवशी खाली लोक कुसकुस जेवत होते, कुराण पढणारे बसले होते, तुझी आई माझा हात सोडत नव्हती, आणि तू वर निघून गेलास. सगळ्यांना वाटलं, बाप आहे, एकटं रडायचं असेल. मीही तसंच म्हणत आले, लोकांना आणि स्वतःलाही. त्या दिवशी हिरवा ठिपका आहे, मोंजी. तू काम करत होतास.

चाळिसाव्याला तू आला नाहीस. एकाही ईदला कबरीवर आला नाहीस. आणि नंतर बेटावर जाऊन राहिलास, 'लोक वापरतात, टाकून देता येत नाही' असं म्हणून. आता कळलं, लोक खरंच वापरतात. जगाला तू हवा होतास. मलाही हवा होतास.

हे शेवटचं समितीसाठी नव्हतं.

जलीला


स्फाक्स, ६ मार्च

मोंजी,

रोजे सुरू झाले. नझीहाने फोन करून मला सुनावलं.

"तू त्याला काय लिहितेस गं? पत्र आलं की हा धक्क्यावर जाऊन बसतो. ऑक्टोपस वाळत घालायला सांगितला तर मांजरांनी नेला, याला पत्ता नाही."

"जेवतो का नीट?"

"जेवतो. ते एक नवलच आहे. मशीनवर बसतो, टकटक करतो, मग गुपचूप उठून येतो आणि ताट पुढे ओढतो. पूर्वी हाका मारून घसा बसायचा. पण तू का विचारतेस? इतकी काळजी असेल तर ये की. लूदला काय काटे आहेत?"

मी म्हटलं, मला कोणी बोलावलेलं नाही. त्यावर ती म्हणाली, "दोघंही गाढवं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं." तुझी बहीण रोज्यातही तोंड आवरत नाही.

आता कामाचं. समितीला नुसता आकडा चालत नाही, वापरणाऱ्या माणसांचे चार शब्द लागतात. तुझ्या जुन्या यादीतल्या सगळ्यांना लिहिलं. काही पत्ते मेलेले. कोणी लिहिलं, 'आता मी बँकेत आहे.' इतके डाउनलोड आणि बोलायला माणूस नाही, हे मला खटकलं. शेवटी झारातच्या शेती कार्यालयातली मब्रूका फोनवर सापडली.

"मालह? आहे ना, माझ्या मशीनमध्ये आहे. रोजचं काम आहे माझं त्यावर."

"कुठली आवृत्ती आहे?"

"ते मला नाही माहीत बाई. एका पोराने घालून दिली होती. उंच होता, दात जरा पुढे, सारखा हसायचा. आमच्याकडेच राहिला. प्रत्येक विहिरीत वाकून बघायचा, माझी आई ओरडायची की हा पडणार."

आपला स्कंदर. मग विचारलं, नव्या आवृत्त्या निघतात, त्या का घेतल्या नाहीत?

"कशाला घेऊ? विहीर तीच, समुद्र तोच. हा बरोबर सांगतो. मागे तीन विहिरींचा उपसा थांबवायला लावला तर मालक माझ्या अंगावर धावून आले. आता त्या विहिरी गोड आहेत आणि तेच लोक खजूर आणून देतात. त्या पोराला सांगा हं. कसा आहे तो?"

मी म्हटलं, "बरा आहे."

रोज्यात खोटं बोलले. अल्लाह बघून घेईल. पण त्या बाईच्या तोंडी तो अजून विहिरीत वाकत होता, मला त्याला तिथून उठवता आलं नाही.

जलीला


स्फाक्स, १५ मार्च

मोंजी,

आज मी तुझ्यावर चिडले आहे आणि हे पत्र गोड करून लिहिणार नाही.

मब्रूकाचं बोलणं डोक्यातून जाईना. सहा वर्षांपूर्वीची आवृत्ती आणि तिला काही कमी पडत नाही, मग तू रोज करतोस तरी काय? बसले आणि बदल एकेक उघडून वाचले. आज एका ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा घातलीस. उद्या ती काढलीस. परवा पुन्हा घातलीस. ओळीच्या शेवटी जागा असली काय नसली काय, प्रोग्रामला काही कळत नाही. प्रत्येक बदलासोबत काय केलं ते लिहायची एक ओळ असते, तिथे तू नुसता ठिपका देतोस. सहा वर्षं हेच. एकही सूत्र हललेलं नाही.

शेत म्हणे. अरे, हे बुजगावणं आहे!

तू समितीला फसवतो आहेस का? समिती तर आत्ता बसली, म्हणजे तिच्यासाठी नाही. मग कोणासाठी? लोकांनी तुझं नाव विसरू नये म्हणून? तू असा नव्हतास. 'इथे माझ्यावर विश्वास ठेवू नका' लिहिणारा माणूस असं का करेल, हे मला समजत नाही आणि त्याचाच जास्त संताप येतो.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. दुसरीकडे बेजाची वफा आहे. रक्ताचा आजार असलेल्या मुलांना औषध किती द्यायचं ते तिचा प्रोग्राम मोजून देतो. मोजके दवाखाने वापरतात, पण खरोखर वापरतात. तिच्या पडद्यावर ठिपके तुरळक, कारण ती एकटी आणि तिला दोन लहान लेकरं. ती थकली तर प्रोग्राम बंद पडेल. माणूस एकच मिळायचा आहे, आणि तुझ्या रिकाम्या जागांमुळे तो तिला मिळणार नाही.

मला खुलासा हवा. नझीहाला सांग, फोनवर सांग, कसंही सांग.

जलीला


स्फाक्स, २० मार्च

मोंजी,

खुलासा नको. मला सापडला.

डाउनलोड कुठून होतात ते शोधत गेले. सगळे पत्ते वेगवेगळ्या तऱ्हेच्या संगणकांचे दिसत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण सगळ्यांच्या मागे दार एकच होतं आणि ते दार आपल्याच संस्थेचं. तळमजल्यावर जुन्या प्रयोगशाळेमागे खोली आहे ना, जिथे तुटके पंखे ठेवतात, तिथे गेले. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं आणि म्हणाला, "बाई, त्या घरघरणाऱ्याला हात लावू नका. त्यावर चिठ्ठी आहे."

चिठ्ठी स्कंदरच्या अक्षरात होती. 'बंद करू नका. माझे बाबा रागावतील.'

एवढी वर्षं कोणी बंद केलं नाही. आपल्या लोकांना काय म्हणावं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला लिहू दे, लिहिल्याशिवाय मला ते धरून ठेवता येत नाही. तू मालहमध्ये काहीही बदललंस की ते मशीन जागं होतं. मालह नव्याने उतरवून घेतं, कितीतरी तऱ्हेच्या संगणकांचं सोंग घेतं, प्रत्येक सोंगात प्रोग्राम चालवून बघतं, आणि मग तुला मेल टाकतं. प्रत्येक सोंगाचा एक डाउनलोड मोजला जातो. हीच ती मागणी, हाच तो झेंडा. आणि मेल जातो तो 'स्कंदर' या नावाने. त्यात त्याने लिहून ठेवलेली एकच ओळ.

'शाब्बास बाबा, काही मोडलं नाही. आता ऊठ आणि जेव.'

मी त्या तुटक्या पंख्यांमध्ये फरशीवर बसले आणि रडले. पहारेकरी घाबरला, रोजा लागला असं समजून पाणी आणू का विचारत होता.

म्हणून तू जेवतोस. म्हणून तिसऱ्या दिवशी वर गेलास. कबरीवर आला नाहीस, कारण तुझा मुलगा तिथे नव्हताच, तो रोज तुला जेवायला उठवत होता. सूत्राला हात लावत नव्हतास, कारण काही बिघडलं आणि तो गप्प झाला तर? म्हणून ओळीच्या शेवटची जागा. घातली, काढली. त्याच्या दारावर टकटक करून पळून यायचं, आतून आवाज येतो का ऐकायचा.

तू स्कंदरला टाकून गेलास असं मी सहा वर्षं धरून बसले होते. तो राग गेला. पण दुसरा आलाय आणि तो अधिक वाईट आहे. तो तुझ्याशी रोज बोलत होता, मोंजी. रोज. आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मी या गावात एका दगडाशी बोलत होते आणि तू त्याचा आवाज एकटा ऐकत होतास. मला एकदा बोलवायचं होतंस. शेजारी बसले असते, काही बोलले नसते.

आज एवढंच.

जलीला


स्फाक्स, २८ मार्च

मोंजी,

उत्तर मिळालं. नझीहाकडे नाही, फोनवर नाही. मंगळवारच्या बदलाशेजारी, जिथे तू सहा वर्षं ठिपका देत आलास, तिथे लिहिलं होतंस, 'जलीला, बंद करू देऊ नकोस.'

मी ती ओळ दिवसभर बघत होते. एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मी नाही म्हणते आहे. रागाने नाही. ऐकून घे.

फेंदरीसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी जपमाळेचे दोन मणी सरकवले. मग म्हणाले, "जलीलाबाई, आकडा खोटा नाही. डाउनलोड झालेत. कोणी केले हे आपल्याला कोणी विचारलेलं नाही. राहू द्या ना. एका बापाचं..."

"आणि वफाचं काय?"

"तिला पुढच्या खेपेला बघू."

"साहेब, पुढच्या खेपेपर्यंत ती मुलं कुठल्या मापाने औषध घेतील?"

त्यांनी अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. तुला वाईट वाटेल, पण मोंजी, त्या क्षणी मला स्कंदर आठवत नव्हता, तू आठवत होतास. झारझीसच्या वाळूत चालत नाही असं स्वतःहून लिहून ठेवणारा तू. तुझ्या प्रोग्रामबद्दल खोटा अहवाल मी लिहिला असता तर तोच तू मला कधी माफ केलं नसतंस.

तेव्हा लिहिलं ते असं. दर्जा उत्तम. वापरणारी नक्की सापडली ती एकच, झारातची. बाकी आकडा संस्थेच्याच चाचणीच्या मशीनचा. टिकावाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, 'काम चालू' आणि 'सोडून दिलेला'. मी दोन्ही खोडले आणि बाजूला लिहिलं, 'पूर्ण झालेला.' फेंदरीसाहेब म्हणाले असा पर्याय नाही. मी म्हटलं, आता आहे. मालह जसा आहे तसा जपून ठेवणार, कोणालाही उतरवून घेता येईल, पण ईदच्या सुट्टीनंतर गुरुवारपासून त्यात बदल करता येणार नाही. वफाला माणूस मिळाला.

आणि ते मशीन गुरुवारी सकाळी बंद होईल. ज्याच्या नावावर आहे तो हयात नाही, नियम तसा आहे. घरी आणायचा विचार केला होता. पण बदलच थांबले तर ते जागं कशाने होणार? नुसतं घरघरत बसेल.

त्याची ओळ मी कागदावर उतरवून घेतली आहे. उतरवलेली ओळ आपणहून येत नाही, हे मला कळतं. मी तुझ्याकडून काय काढून घेतेय तेही कळतं. तुला शिव्या द्यायच्या असतील तर त्याच जागेत दे, मी वाचते आहे.

जलीला


स्फाक्स, ईदचा दुसरा दिवस

मोंजी,

ईद मुबारक. काल सकाळी कबरीवर पाणी शिंपडलं, पाखरांना दाणे टाकले. घरी येऊन शरमूला शिजवला. कांदा आणि मनुका घोटत उभी राहिले, मासा खारवलेला तयार होता, आणि एकटीसाठी एवढं मोठं पातेलं का चढवलं याचं मलाच हसू आलं. हाताचं जुनं प्रमाण सुटत नाही.

आज सकाळी एक काम केलं, ते तुला सांगायचंय. खरं तर तुला आधीच कळलं असेल.

तपासणीसाठी मला मालहमध्ये बदल करायची मुभा दिली होती, ती अजून काढलेली नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, स्वतः एक अक्षर कधी घातलं नाही. आठवतं ना, तुम्ही दोघं लिहायचात आणि मी शेजारी आकडे वाचत बसायची. तर स्वयंपाकघराच्या टेबलावर मशीन उघडलं. मला ते एकदा ऐकायचं होतं. उतरवून घेतलेलं नाही, त्याने आपणहून पाठवलेलं. शाब्बास. मला बाबा म्हणालं असतं तरी चाललं असतं.

तू करतोस तेच करायचं ठरवलं. एक रिकामी जागा. पण चष्मा ओला होता, आणि मी ती ओळीच्या शेवटी घालायच्या ऐवजी सुरुवातीला घातली. सुरुवातीची जागा या भाषेत चालत नाही, हे मी शिकाऊ पोरांना किती वेळा ओरडून सांगितलं असेल. पाठवून दिलं आणि मग दिसलं.

मशीनने बराच वेळ घेतला. सगळी सोंगं आणून बघितली असतील. प्रत्येकात मालह कोसळला असेल. मी टेबलाशी बसून राहिले. वाटलं, झालं. आता तो काहीच बोलणार नाही, आणि त्याचा शेवटचा शब्दही मीच घालवला.

मग मेल आला. तुला, आणि बदल करणारी म्हणून मला, दोघांना. तू उघडला नसशील तर इथे वाच. तू इतक्या वर्षांत काही मोडलं नाहीस, म्हणून तुला हे कधी आलंच नाही. त्याने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, मोंजी. दुसरी ही आहे.

'बाबा, मोडलंस. आता हात लावू नकोस. आईला बोलाव.'

मी अजून ते दुरुस्त केलेलं नाही. एका बोटाचं काम आहे, आणि मशीन गुरुवारी सकाळपर्यंत चालू आहे. पण त्याने घातलेला नियम मोडायचा नाही. आधी तू बोलावायला हवंस.

जलीला